पासंग

बाबा गुलटेकडीला, भुसार बाजारात, तोलणार होते.
एकतीस वर्षं.
मोजायला लागले की 'एक' म्हणत नसत,
'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन...
शेवटची गोणी काट्यावरून उतरेपर्यंत
मधे कुणाशी बोलत नसत.

आता बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर
विजेचं बिल फोनमध्ये अडकतं
आणि मला हाक येते.
मी खराडीत, अकराव्या मजल्यावर.
मधे मगरपट्टा, फातिमानगर, लुल्लानगर,
म्हणजे संध्याकाळी दीड तास.
त्यापेक्षा हे बरं:
लॅपटॉपवर त्यांचा फोन उघडायचा,
बोट इथे हलवायचं, काम तिथे होतं.

"नऊ आकडे आलेत बघा. वाचा."
"लाभ..."
"बाबा, एक."
"तेच ते. लाभ, शून्य, सात, चार, चार..."
आणि थांबले.
"असले नंबर कोणालाही सांगू नका म्हणतात ना गं, वैजू?"
"मी कोणीही थोडीच आहे?"
त्यांनी उरलेले चार वाचले.

त्यांचा पडदा माझ्या पडद्यात उघडला.
अक्षरं केवढी मोठी ठेवलीत त्यांनी!
बिलापर्यंत पोचलेच होते,
तेवढ्यात वरून एक ओळ उतरली:
*इंदूताई चोरघे: आज साखर किती आली?*

त्यांनी अंगठा ठेवला असणार त्यावर, झाकायला.
अंगठा मला दिसत नाही, इथे अंगठे येत नाहीत.
फक्त ती ओळ दाबली गेली
आणि अख्खं बोलणं उघडलं:
*उपाशीपोटी एकशे नव्वद.
वैजूला कळू देऊ नका, ती नोकरी सोडून धावत येईल.*

फोनवर कुणीच बोललं नाही.
पंख्याचा आवाज येत होता, त्यांच्याकडचा.
"नेट गेलं वाटतं," मी म्हणाले,
आणि बंद केलं.
बिल त्यांनी दुसऱ्या दिवशी रांगेत उभं राहून भरलं.
अकराशे चाळीस, रोख.

खोटं कशाला बोलू,
गेल्या वर्षी कुणी त्यांचं कार्ड वापरायला लागलं
तेव्हा रात्री पावणेबाराला मी इथूनच ते बंद केलं होतं.
दीड तासात काय उरलं असतं?

आणि हेही खरं की
ऑफिसचं यंत्र दर दहा मिनिटांनी माझ्या पडद्याचा फोटो काढतं.
पान सतरावर लिहिलंय, खाली माझी सही आहे, न वाचता केलेली.
ते एकशे नव्वद कुठल्या तरी थंड खोलीत
आता कायमचं पडून असेल.
म्हणजे कोणीही होतं तर.

लहानपणी बाबा दाखवायचे:
माल नंतर, आधी रिकामी पारडी बघायची.
एक झुकत असेल तर दुसऱ्याला खडा बांधायचा, तो पासंग.
"लबाड माणूस खडा खालून बांधतो,
गिऱ्हाइकाला दिसत नाही."
सोयीच्या पारड्याखाली
मी काळजी बांधली होती.
मलासुद्धा दिसली नाही.

साखरेचं मी अजून विचारलेलं नाही.
इंदूताई कोण, तेही नाही.
रविवारी जाते, भाकरी नेते, भात नेत नाही.
ते भात मागत नाहीत.
एवढंच बोलणं झालंय.

या महिन्यात पुन्हा हाक आली.
"आकडे वाचू का?"
"वाचा."
"थांब जरा. आधी आवरून घेतो."
पाहुणा दाराशी आल्यावर
चटई सरळ करावी, दोरीवरचे कपडे काढावेत,
तसं काहीतरी ते तिकडे करत राहिले.
मी माझा स्वतःचा, घरचा लॅपटॉप मांडीवर घेऊन
थांबले. चार मिनिटं, पाच.
मधे बोलले नाही.

"हं," ते म्हणाले. "घे. लाभ..."